दोन नावांचं एक रक्त

धुळ्याला देवपुरात एका खासगी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं रक्त काढलं. लोक मला अक्का म्हणायचे आणि माझ्या पाठीमागे "ती सुईवाली". दोन्ही खरं आहे, मला राग नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना एकजण म्हणाला, "अक्कांचं काम म्हणजे काय, सुई टोचायची आणि बाटली भरायची." मी तिथल्या तिथे त्याला म्हटलं, "ये, बस खुर्चीवर, तुझी शीर शोधून दाखवते." सगळे हसले, तो बसला नाही.

मला चेहरे लक्षात राहत नाहीत. भाजीबाजारात एखादी बाई "काय अक्का, ओळखलं का?" म्हणते आणि मी नुसती हसून वेळ मारून नेते. पण तिनं बाही वर केली की ओळखते. शिरा लक्षात राहतात. कोणाची दोरीसारखी वर आलेली, कोणाची बोटाखालून निसटणारी, कोणाची नावालाच. ही सवय नसती तर पुढचं काही घडलं नसतं, म्हणून आधी सांगून ठेवते.

आमच्या लॅबचं भडगावला एक छोटं केंद्र होतं. एका मेडिकल दुकानाच्या मागची खोली. दर मंगळवारी मी सकाळच्या बसनं जायची, रक्तं घ्यायची आणि बर्फाचा डबा मांडीवर धरून दुपारच्या बसनं परत यायची. कंडक्टर विचारायचा, "अक्का, कुल्फी का?" मी म्हणायची, "हो, लाल रंगाची. देऊ?" मग तो पुढे सरकायचा.

त्या डिसेंबरात एका मंगळवारी जयश्री नावाची मुलगी आईबरोबर आली. तेवीस-चोवीस वर्षांची. बाहेर दात वाजतील अशी थंडी, मी स्वेटरवर शाल घेऊन बसलेले, आणि ही पोर घामानं डबडबलेली. हात थरथरत होते. आई, निर्मलाबाई, मांडीवर तान्हं बाळ घेऊन शेजारी बसली होती. गळ्याभोवती पदर असा घट्ट गुंडाळलेला की हनुवटीच दिसे.

"खाते खूप, पण अंगाला लागत नाही," निर्मलाबाई म्हणाली. "रात्रंदिवस नुसती फिरते. काही बोललं की अंगावर येते."

मी डावा हात धरला. "तिथं नका शोधू, अक्का, सापडत नाही," जयश्री म्हणाली. खरंच सापडली नाही. उजव्या हाताला मात्र कोपराच्या बाहेरच्या अंगानं एक शीर तिरपी उतरत होती आणि तिच्यावर तव्याच्या चटक्याचा पांढरा डाग. तिथं सुई घातली.

आता माझी चूक. आमच्या फॉर्मवर नाव, वय, तपासणी, डॉक्टर आणि सगळ्यात खाली "इतर माहिती" अशी एक ओळ होती. ती ओळ आम्ही कोणीच कधी भरली नाही. बाळ माझ्या डोळ्यांसमोर होतं, पोरीचं पोलकं दुधानं भिजलेलं होतं, आणि मी तिथं "बाळंतपण, तीन महिने" एवढे तीन शब्द लिहिले नाहीत. बसची वेळ झाली होती. बाकी सबब नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीर किती वेगानं चालवायचं ते ती ठरवते. तिला हुकूम सोडतो मेंदू, आणि त्या हुकुमाचं नाव टीएसएच. ग्रंथीचा रस जास्त झाला की मेंदू हुकूम बंद करतो, कमी पडला की ओरडून ओरडून हुकूम सोडतो. म्हणून टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा. जयश्रीचा आकडा जवळजवळ शून्य आला. म्हणजे रस अंगात मावेनासा झाला होता. भडगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि थायरॉईड दाबायची गोळी सुरू केली. समोर कागद होता, कागदावर बाळंतपण नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, निर्मलाबाईनं सांगितलं नाही, मी लिहिलं नाही. तिघांनी मिळून आम्ही ते काम केलं.

मी तर विसरूनही गेले.

मे महिन्यात, एका शुक्रवारी, आमच्या देवपूरच्या लॅबमध्ये शिरपूरकडच्या एका गावाहून तिघं आली. नवरा, सासू आणि सून. सासूच्या कडेवर आठ महिन्यांचा गुबगुबीत मुलगा. फॉर्मवर नाव होतं मानसी. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि ही मानसी अंगाभोवती शाल लपेटून बसली होती. चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले, आवाज घोगरा.

सासूचं नाव सिंधूबाई. मी काही विचारायच्या आधीच तिनं सुरू केलं. "बठ्ठा दिन झोपी ऱ्हास. पोऱ्या रडस तरी उठस नही." सगळा दिवस झोपून राहते, मूल रडलं तरी उठत नाही. मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, "डोक्याचं आहे बाई. रविवारी बैठक आहे हिच्या माहेरी. शिरपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, म्हटलं होऊन जाऊ दे, कागद हातात असलेला बरा."

बैठक म्हणजे दोन्हीकडचे चार जाणते बसून निकाल लावतात ती. निकाल काय लागणार हे तिच्या बोलण्यातच होतं. सून माहेरी राहील, नातू आमच्याकडे.

नवरा प्रशांत भिंतीकडे बघत उभा होता.

रक्त घ्यायला पडद्याआड फक्त पेशंट येतो, हा आमच्या लॅबचा नियम. मानसी आत आली, बसली. मी डावा हात धरला. ती हळू, एकेक शब्द ओढत म्हणाली, "तिथं... नाही सापडत."

मी उजवी बाही वर केली. तिरपी शीर. चटक्याचा डाग.

अहो, माझ्याच हातातली सुई थांबली! लग्नात आमच्याकडे नवरीचं नाव बदलायची पद्धत आहे. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. कोणाच्या मनात येतं का, की त्या ताटातच आजारपणाचे कागदही दोन होतात? भडगावचे कागद जयश्रीचे, शिरपूरचे मानसीचे. माहेरच्यांनी घामानं भिजलेली, घरभर फिरणारी, अंगावर येणारी पोर पाहिली. सासरच्यांनी सुजलेली, गारठलेली, न उठणारी सून पाहिली. एकाच दुखण्याची दोन अर्धी, दोन घरांत. दोन्ही अर्धी एकाच जागी आली ती माझ्या खुर्चीवर.

"जयश्री ना तू?" मी कानाजवळ जाऊन विचारलं. "भडगावला मीच घेतलं होतं तुझं रक्त."

तिनं मान हलवली, नाही. मग डोळे भरून आले.

"ती गोळी अजून घेतेस?"

"भाऊ देऊन जातो... लाडवांच्या डब्यात. आई म्हणते बंद केली तर... गळा मोठा होईल... सगळ्यांना दिसेल." तिनं माझं मनगट धरलं. पकड बर्फासारखी गार. "अक्का, कोणाला सांगू नका. धाकट्या बहिणीचं... जमत आलंय."

मी सांगणार नाही म्हटलं. रिपोर्ट हातात नव्हता, आणि गोळी घे किंवा घेऊ नको हे सांगायचा अधिकार सुईवालीला नसतो. रक्त घेतलं, कापूस दाबला, ती गेली. आजही वाटतं, गेला खड्ड्यात अधिकार, तेव्हाच पडद्याबाहेर जाऊन बोलायला हवं होतं.

दुपारी मशीननं आकडाच दिला नाही. मोजायच्या पट्टीच्या बाहेर. रक्तातलं पिवळं पाणी, सीरम, पातळ करून दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. टीएसएच इतका वर की मेंदू नुसता किंचाळत होता आणि ग्रंथी गप्प पडली होती. तिच्यावर ती दाबायची गोळी रोज पोटात जात होती. अशी माणसं थंड पडत पडत एके दिवशी झोपेतून उठत नाहीत, हे मी वाचलेलं होतं.

आमचे सर, लॅबचे मालक, पॅथॉलॉजिस्ट. त्यांना सगळं सांगितलं.

"शिरेवरून ओळखली?" ते म्हणाले. "कोर्टात सांगाल का असं?"

"कोर्टात नाही सांगायचंय, सर. तिच्या डॉक्टरांना सांगायचंय."

त्यांनी जुना रिपोर्ट काढायला लावला, दोन्ही शेजारी ठेवून वाचले. मग शिरपूरच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. त्या डॉक्टरांनी शुक्रवारच्याच रक्तावर अँटिबॉडी तपासायला सांगितल्या. नमुने आम्ही आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवतो, त्यामुळे अडलं नाही.

शनिवारी सकाळी अँटिबॉडी भरपूर आल्या. म्हणजे काय ते सरांनी मला जसं समजावलं तसं सांगते. अंगात एक पहारेकरी असतो, परका दिसला की मारायचा हे त्याचं काम. पोटातलं मूल अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकं. म्हणून नऊ महिने हा पहारेकरी दबून राहतो. बाळंतपण झालं की तो खडबडून उठतो आणि काही बायकांत घरच्याच माणसाला काठी घालतो. थायरॉईडवर घाव बसला की आधी तिच्यातला साठलेला रस एकदम बाहेर सांडतो, तेव्हा घाम, थरथर, चिडचिड. तो ओघळ दाबायच्या गोळीनं थांबत नाही, आपोआप ओसरतो. काही महिन्यांनी साठा संपतो, मग सूज, थंडी, झोप, मूल उचलावंसं न वाटणं. बहुतेकींची गाडी वर्षभरात रुळावर येते, काहींना गोळी कायमची लागते. आणि कोणाचा पहारेकरी असा बिथरणार, त्याची तयारी बरीचशी घराण्यातून येते. आजार येत नाही, तयारी येते. आई, मावशी, बहीण, या रांगेत विचारायचं असतं.

"विचारलं कोणी?" सर म्हणाले.

मी फॉर्मची ती रिकामी ओळ बघत होते.

शिरपूरच्या डॉक्टरांनी प्रशांतला फोन केला. आजच्या आज घेऊन या, दुसरी कुठली गोळी चालू असेल तर बंद करा. प्रशांत म्हणाला, दुसरी कुठलीच गोळी चालू नाही, आणि उद्या बैठक आहे, सोमवारी बघू. सोमवारी काय बघणार होता? रविवारी तिला माहेरी सोडणार होते. जिथून त्या गोळ्या येत होत्या त्याच घरी. भडगावच्या जुन्या फॉर्मवरचा नंबर मी लावला. निर्मलाबाईनंच उचलला. "कोण जयश्री? चुकीचा नंबर," म्हणाली आणि ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मी सरांना म्हटलं, उद्या भडगावला जाते. ते भडकले. "आपलं काम रिपोर्ट द्यायचं. दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही."

"तीन शब्द लिहायचं कामही आपलंच होतं, सर. ते मी केलं नाही."

संध्याकाळी त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं. दोन्ही रिपोर्ट आणि अँटिबॉडीचा तिसरा. "फक्त पेशंटच्या हातात द्यायचं. तुमच्या तोंडून एक अक्षर नाही."

रविवारी पहिल्या बसनं निघाले. पारोळ्याच्या पुढे टायर बसला. मी ड्रायव्हरच्या डोक्याशी उभी राहून इतकी कटकट केली की तो म्हणाला, "बाई, तुम्हीच बदला." बदलता आला असता तर बदलला असता!

पोचले तेव्हा सासरची जीप यायची होती. निर्मलाबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. मला बघून तिनं पदर आणखी घट्ट केला.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "हात जोडते."

"पोर मरेल," मी म्हटलं. असंच म्हटलं. गोड बोलायला वेळ नव्हता. "तुम्ही पाठवता ती गोळीच तिला मारतेय."

ती खाली बसली. मग तिनं जे सांगितलं ते आधण उकळून आटेपर्यंत चाललं होतं. जयश्रीच्या जन्मानंतर तिचा स्वतःचा गळा सुजला. ऑपरेशन झालं. मुलीचं लग्न जमवताना कोणाला सांगितलं नाही. आणि त्याच्याही आधी, तिची थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणानंतर सहा-सात महिन्यांत तिला "वेड लागलं". न बोलणारी, न उठणारी, सुजलेली. सासरच्यांनी आणून सोडली आणि मूल ठेवून घेतलं. तिनं ते मूल पुन्हा पाहिलं नाही. चार वर्षांनी गेली.

"तसं हिचं होऊ नये म्हणून लपवलं हो," निर्मलाबाई म्हणाली. "म्हणूनच लपवलं."

"आणि आज काय होतंय?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

ओसरीत सतरंजी. एका बाजूला प्रशांतचे चुलते, सगळे त्यांना नाना म्हणत, आणि आणखी दोघे. समोर जयश्रीचे वडील, मान खाली. बायका दारात. जयश्री शाल घेऊन खांबाला टेकलेली, तिच्यापासून दूर सिंधूबाईच्या मांडीवर मूल. मी जाऊन पाकीट जयश्रीच्या हातात दिलं. एवढंच माझं काम होतं.

"या कोण?" नानांनी विचारलं.

"लॅबच्या," प्रशांत म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला.

नानांनी घसा साफ केला. "रिपोर्ट आमच्याकडेही आहे. पोरगी आजारी दिली, आणि न सांगता दिली. तुम्हाला माहीत होतं की नाही, एवढंच विचारायचंय."

वडील गप्प. जयश्री पाकीट उघडू शकत नव्हती, बोटं चालत नव्हती. तिनं फक्त दाराकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं आणि मला बोलायची बंदी होती. उन्हानं पत्रा तडतडत होता. नाना म्हणाले, "म्हणजे माहीत होतं. मग मूल आमच्याकडे..."

निर्मलाबाई उंबऱ्याच्या बाहेर आली. एवढ्या पुरुषांसमोर तिनं गळ्याचा पदर सोडला. गळ्यावर आडवी गेलेली ऑपरेशनची जुनी रेघ. शेजारच्या बायकांच्या तोंडून "अव माय!" निघालं.

"हाई दुखनं मनं शे," ती म्हणाली. "मनाकडथून तिले उनं. तिनं डोकं चांगलं शे." हे दुखणं माझं आहे, माझ्याकडून तिला आलं, तिचं डोकं चांगलं आहे. मग आत जाऊन गोळ्यांची उरलेली पाकिटं आणून तिनं सतरंजीवर टाकली. भडगावचा डॉक्टर, भाऊ, लाडवांचा डबा, सगळं सांगितलं. थोरल्या बहिणीचंही सांगितलं.

प्रशांतनं पाकीट बायकोच्या हातातून घेतलं, तिला विचारून घेतलं, हे मी पाहिलं. दोन रिपोर्ट, दोन नावं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "नाना, ही माझ्या घरात रोज ही गोळी घेत होती आणि मला माहीत नव्हतं. काल डॉक्टरांना मी सांगितलं, कुठलीच गोळी चालू नाही."

सिंधूबाई ताडकन उठली. मला वाटलं आता आभाळ कोसळतं. ती निर्मलाबाईसमोर जाऊन उभी राहिली. "पहिले कसाले सांगं नही?" आधी का नाही सांगितलं? तीनदा तेच विचारलं, प्रत्येक वेळी मोठ्यानं. "मी तिला लोळागोळा म्हटलं, अंगावर पाणी ओतलं एकदा! मला काय माहीत?" मग वळली, नातवाला उचललं आणि जयश्रीच्या मांडीवर ठेवलं. जयश्रीला त्याचं वजन झेपेना, म्हणून सिंधूबाई शेजारी बसून खालून हात लावून राहिली.

बैठक तिथेच मोडली. त्याच जीपमधून सगळे थेट शिरपूरच्या डॉक्टरांकडे गेले. जयश्रीला चार दिवस ॲडमिट ठेवलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. धाकटीचं जमत आलेलं लग्न आठवड्यात मोडलं. निर्मलाबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. मंगळवारी भडगावला ती मेडिकलसमोरून जाताना दिसायची, माझ्याकडे बघायचीही नाही. पदर मात्र गळ्याला नसायचा. मी हाक मारली नाही. माझ्यामुळे एका पोरीचं घर राहिलं आणि दुसरीचं ठरलेलं गेलं, हे मला कळत होतं.

सरांनी फॉर्म नव्यानं छापला. "इतर माहिती" काढून तिथं "बाळंतपण कधी? आई, मावशी, बहीण यांना थायरॉईड?" असं घातलं. मी रोज भुणभुण केली नसती तर छापला नसता, हेही लिहून ठेवते.

दिवाळीच्या आधी जयश्री तपासणीला आली. चालत, स्वतःच्या पायांनी, कडेवर खोडकर पोरगं. मी डावा हात धरला तर हसली. "अक्का, मुद्दाम करता ना?"

"नाव काय लिहू?"

"दोन्ही लिहा."

दोन्ही लिहिली. खालच्या ओळीवर आले. बाळंतपण, तेरा महिने. आई, होय.

"मावशीचंही लिहा," ती म्हणाली. "आईनं निरोप दिलाय तुम्हाला. म्हणाली, अक्काला सांग, माझ्या बहिणीचं रक्त कोणी तपासलं नाही, निदान कागदावर तिचं नाव येऊ दे."

मी पेन कागदावर टेकवलं. विचारलं, "कोणतं नाव लिहू? माहेरचं की सासरचं?"

"माहेरचं," जयश्री म्हणाली. "यशोदा. सासरचं तिला फार दिवस वापरायला मिळालं नाही."